दोन वाजताचा डोस मी दिला नाही

गेल्या आठवड्यात लेबर रूमला पोस्टिंगला आलेल्या जीएनएमच्या (नर्सिंगच्या कोर्सच्या) एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध आपण दिलं नाही तर नोकरी जाते का?" तिने सकाळी पीएनसी, म्हणजे बाळंतपणानंतरच्या, वॉर्डातल्या एका पेशंटच्या चार्टवर माझ्या अक्षरात 'नॉट गिव्हन' वाचलं होतं. त्या दिवशीचं प्रकरण तसं साधंच होतं, बीपीची गोळी द्यायची वेळ झाली, आधी बीपी घेतलं तर १००/६०, मग गोळी दिली नाही, डॉक्टर मॅडमना फोन केला, त्यांनी डोस कमी केला, संपलं. मी तिला म्हटलं नोकरी जात नाही गं, पण का नाही दिलं ते लिहावं लागतं. तेवढ्यात आत एक पेशंट फुल झाली, म्हणजे बाळ बाहेर यायची वेळ झाली, आणि मी पळाले, विषय तिथेच राहिला.

पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण एकवीस वर्षांपूर्वी मलाही हेच वाटायचं, ऑर्डर डॉक्टरांची, जबाबदारी डॉक्टरांची, आपण फक्त द्यायचं आणि सही करायची. हे खरं नाही हे मला कुठल्या लेक्चरमध्ये कळलं नाही, दोन पेशंटनी शिकवलं, त्यातली एक वाचली आणि एक गेले. आज दोन्ही लिहिते.

वाचली तिचं आधी.

तेव्हा मी एका उपजिल्हा रुग्णालयात होते, आजूबाजूला सगळा उसाचा पट्टा, गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडची ऊसतोड मजुरांची कुटुंबं उतरायची आणि आमच्या लेबर रूमची गर्दी दुप्पट व्हायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे गरोदर असली तरी बाई फडातच, मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. गावाकडे नाव नोंदवलेलं असतं, इकडे आल्यावर तपासणी नाही, बीपी कोणी बघितलेलं नाही. ही मुलगी अशीच आली, वय एकोणीस सांगितलं, पहिलटकरीण, रात्री साडेनऊला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली, कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, दोनदा झटके आले होते आणि एक आमच्या दारात आला. बीपी १७०/११०, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस, पाय इतके सुजलेले की घोटा सापडत नव्हता. एक्लॅम्पसिया, गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके.

नशिबाने स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम त्या दिवशी क्वार्टरवरच होत्या, दहा मिनिटांत आल्या. दहा वाजून पाच मिनिटांनी मॅग्सल्फचा, म्हणजे झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा, लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस पूर्ण झाला, ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यात. झटके थांबले. ती आधीच बरीच पुढे गेलेली होती, त्यामुळे रेफर करण्याआधीच पावणेबाराला नॉर्मल डिलिव्हरी झाली, मुलगी, १ किलो ९०० ग्रॅम, रडली. मॅडमनी पुढची ऑर्डर लिहिली, मॅग्सल्फ ५ ग्रॅम दर चार तासांनी, आलटून पालटून एकेका कुल्ल्यात, २४ तास. पहिला मेंटेनन्स (पुढचा) डोस रात्री दोनला. मग त्या क्वार्टरवर गेल्या, दिवसभर त्यांची ओटी झाली होती, माणूसच आहेत त्या.

लेबर रूम आणि पीएनसी मिळून नाईटला मी एकटी, सोबत एक मावशी. साडेबाराला तिचा नी जर्क, म्हणजे गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो तो, बघितला तेव्हा होता, तसं लिहिलंय मी. त्यानंतर दुसरी एक पेशंट डिलिव्हर झाली, तिला टाके, बाळाला बघणं, यात सव्वा तास कसा गेला कळलं नाही. पावणेदोनला मी मॅग्सल्फची तयारी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे ही अँप्युल २ मिलीची येते, त्यात १ ग्रॅम असतो, म्हणजे ५ ग्रॅमला पाच अँप्युल फोडायच्या, १० मिलीची सिरिंज गच्च भरते, मोठी सुई लावायची, खोल द्यायचं. हे फोडण्याचं काम करता करता हात आपोआप चालतात आणि एकदा सिरिंज भरली की मन पुढेच ढकलतं, भरलंय तर देऊन टाकू. त्यामुळे आता मी उलटं करते, आधी पेशंट बघते आणि मगच अँप्युल फोडते, पण त्या रात्री सिरिंज भरून हातात होती.

तिच्याजवळ गेले तर गाढ झोपलेली. सासू खाली चटईवर बसलेली, ती हळूच म्हणाली, "बाई, लई दमलीया, आत्ता कुठं डोळा लागलाय, निजू द्या की." आणि खरंच, चेहरा इतका शांत होता, तीन झटके येऊन गेलेल्या बाईचा चेहरा असा शांत दिसला की कुणालाही बरंच वाटेल. मी पण क्षणभर तेच समजले. मग युरोबॅग, लघवीची पिशवी, उचलून बघितली. दहाला कॅथेटर टाकल्यापासून ७० मिली. गडद, चहासारखी. चार तासांत कमीत कमी १२० तरी हवी होती, तासाला ३० च्या हिशेबाने.

श्वास मोजला, पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून. चौदा. परत मोजला, चौदा.

नी जर्क बघायला आमच्याकडे हॅमर नव्हता, मी स्टेथोस्कोपच्या गोल भागाच्या कडेने मारायचे, बऱ्याच जणी तसंच करतात. गुडघ्याखाली हात घालून पाय सैल केला, मारलं, काही नाही. दुसरा पाय, काही नाही. मनात आलं, मलाच नीट जमत नसेल, सूज पण आहे, म्हणून तिला उठवलं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढ म्हटलं, लक्ष दुसरीकडे गेलं की जर्क चांगला येतो म्हणून. तिने डोळे अर्धवट उघडले, हात ओढले, मी परत मारलं. पाय तसाच.

मॅग्सल्फचं गणित असं आहे की ते शरीरातून बाहेर जातं लघवीवाटे. किडनी चालू असेल तर दर चार तासांचे ५ ग्रॅम शरीराला पेलतात. लघवी कमी झाली की ते रक्तात साठत जातं, आधी नी जर्क जातो, त्याच्या वर गेलं की श्वास मंद होत जातो, अजून वर गेलं की थांबतो, आणि शेवटी हृदय. जर्क श्वासाच्या आधी जातो म्हणून तर आपल्याला वेळ मिळतो. आणि म्हणूनच प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी बघायच्या असतात, श्वास १६ किंवा जास्त आहे का, जर्क आहे का, मागच्या चार तासांत लघवी पुरेशी आहे का. तीनपैकी एक जरी नसेल तरी डोस थांबवायचा. तिच्यात तिन्ही नव्हत्या.

एवढं स्पष्ट असूनही माझे हात गार पडले होते. पुस्तकात लिहिलेलं असतं 'विथहोल्ड द डोस' पण त्या वेळी समोर काय होतं ते लिहिलेलं नसतं. समोर होती मॅडमची लिहिलेली ऑर्डर, हातात भरलेली सिरिंज, आणि डोक्यात एकच, मी हे दिलं नाही आणि अर्ध्या तासात तिला परत झटका आला तर? तर सगळे विचारतील दोनचा डोस का नाही दिला, आणि उत्तर एकटीने द्यावं लागेल. दिलं आणि श्वास थांबला तर मात्र कागदावर सगळं बरोबर, ऑर्डरप्रमाणे, वेळेवर. हे मी आज मान्य करते की त्या दोन मिनिटांत माझ्या मनात हा हिशेब पण येऊन गेला. प्रत्येक नर्सच्या मनात येतो. तो आला म्हणून कोणी वाईट ठरत नाही, पण त्या हिशेबावर सुई टोचायची नसते.

मी सिरिंजवर लेबल लावून ट्रेमध्ये बाजूला ठेवली आणि मॅडमना फोन केला. पहिला फोन उचलला नाही. दुसरा उचलला, झोपेत होत्या, मी म्हटलं, "मॅडम, एक्लॅम्पसियाच्या पेशंटचा दोनचा मॅग्सल्फ द्यायचा आहे..." त्या मध्येच म्हणाल्या, "लिहिलंय ना सिस्टर, द्या की." इथे चूक माझी होती. मी वाक्याची सुरुवातच परवानगी मागितल्यासारखी केली, त्यांनी परवानगी दिली. मी परत बोलले, यावेळी सरळ, "मॅडम, जर्क दोन्हीकडे नाही, श्वास १४, दहा वाजल्यापासून लघवी ७० मिली, पेशंट झोपाळलेली आहे. मी डोस होल्ड केलाय. तुम्ही येऊन बघा."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "आले. कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवा." मॅग्सल्फ जास्त झालं तर त्याचा उतारा तोच.

हे मी मुद्दाम शब्दाला शब्द लिहिलंय कारण फोनवर कसं बोलायचं हे आपल्याला कोणी शिकवत नाही. "सर पेशंट बरी वाटत नाही", "मॅडम जरा बघता का" असं बोललं की समोरच्याला झोपेतून उठायला कारण मिळत नाही. परदेशात याला एसबीएआर म्हणतात, काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. मूळ पद्धत म्हणे अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यात आली. मला तेव्हा हे नाव माहीत नव्हतं, पण आकडे आधी आणि मागणी स्पष्ट, एवढं जरी केलं तरी शंभरातले नव्वद डॉक्टर येतात, असा माझा अनुभव आहे. आणि आकडे सांगायचे तर आधी स्वतः मोजलेले हवेत.

मॅडम आल्या, स्वतः जर्क बघितला, नव्हता. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिली सिरिंज भरून उशाशी ठेवली, श्वास १२ च्या खाली गेला की सावकाश द्यायचं ठरलं, ऑक्सिजन लावला, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) हाताशी. मॅग्सल्फची ऑर्डर कापली, सही केली. मग त्यांना कॅज्युअल्टीमधून कॉल आला, त्या तिकडे गेल्या आणि जाताना म्हणाल्या, सिस्टर हलू नका.

मी हलले नाही. मावशीला दुसऱ्या बायकांकडे लक्ष ठेवायला सांगितलं, स्टूल घेतलं आणि तिच्या पोटावर हात ठेवून बसले, दर पंधरा मिनिटांनी श्वास, दर अर्ध्या तासाने बीपी आणि जर्क. लोकांना वाटतं डोस दिला नाही म्हणजे काम वाचलं. उलट आहे. दिलं असतं तर सही करून मी पुढच्या पेशंटकडे गेले असते. दिलं नाही म्हणून ती पेशंट माझी झाली, आता झटका आला तरी माझ्यासमोर यायला हवा आणि श्वास मंदावला तरी माझ्या हाताखाली. सासूला पण सांगितलं, ती घाबरून उठून बसली होती, म्हटलं मावशी, औषध जास्त होऊ नये म्हणून थांबलोय, तुम्ही तिच्याशी बोलत राहा. मग त्या माउलीने पहाटेपर्यंत तिला गावाकडच्या कुठल्या कुठल्या म्हशींच्या गोष्टी सांगितल्या.

साडेचारला डाव्या पायाला अगदी बारीक जर्क दिसला. सहाला दोन्हीकडे. श्वास १८. लघवी पण हळूहळू वाढली. परत झटका आला नाही, कॅल्शियम द्यावं लागलं नाही. सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला, क्रिएटिनिन २.२, म्हणजे किडनीला मार बसला होता, ते रात्री आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कळलं होतं ते युरोबॅगेवरून. आठव्या दिवशी बीपीच्या गोळ्या देऊन ती घरी गेली, घरी म्हणजे कोपीवर.

त्या रात्रीची माझी नोट मला पाठ आहे. रात्री १.५० ला काय काय मोजलं, २.०० चा डोस होल्ड, २.०२ पहिला फोन नो रिप्लाय, २.०४ दुसरा फोन, काय सांगितलं, काय उत्तर मिळालं, २.१५ मॅडम आल्या. नुसतं 'डॉक्टर इन्फॉर्म्ड' लिहिणं मी तेव्हाच सोडलं. कुठल्या डॉक्टरना, किती वाजता, काय सांगितलं, ते काय म्हणाले, हे चार नसतील तर ती नोट तुम्हाला वाचवत नाही आणि पेशंटला तर नाहीच नाही.

आता दुसरी गोष्ट. ही मी फार थोड्या लोकांना सांगितलीय.

नोकरीचं माझं तिसरं वर्ष. एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला होते, नाव सांगत नाही. आतड्याचं ऑपरेशन झालेले एक काका होते, तिसरा दिवस. तेव्हा आमच्या वॉर्डात टीपीआर घ्यायची पद्धत अशी की तापमान घ्यायचं, नाडी बघायची, बीपी बघायचं, आणि श्वासाच्या रकान्यात २० लिहायचं. सगळ्यांना २०. चाळीस पेशंट, चाळीस वेळा २०. मला पहिल्याच आठवड्यात सीनियरने तसं दाखवलं आणि मी तसंच शिकले. संध्याकाळी त्यांची मुलगी दोनदा नर्सिंग स्टेशनला आली, "सिस्टर, बाबा नेहमीसारखे नाहीयेत." मी जाऊन बघितलं, बीपी ११०/७०, ताप किरकोळ, काका म्हणाले पोट जरा दुखतंय. मी तिला म्हटलं, ऑपरेशननंतर होतं असं, सकाळी राउंडला सरांना सांगू. आणि चार्टवर लिहिलं, २०.

रात्रीही २० लिहिलं. पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांची छाती नीट बघितली आणि मोजलं, ३६. आत टाका सुटून पोटात पू झाला होता. आयसीयूला हलवलं, परत ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी गेले.

मला कोणी काही विचारलं नाही. ना मेमो, ना चौकशी. कारण चार्ट एकदम स्वच्छ होता, २०, २०, २०, २०. आदल्या सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी त्याच चार्टवर नजर टाकून पुढचा बेड बघितला होता. मी खोटं लिहिलं असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं, रकाना भरला एवढंच वाटलं. पण पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो, आणि तो एकच आकडा वॉर्डात मशीन देत नाही, नर्सला उभं राहून मोजावा लागतो, तोच मी बनवला होता. ते कितीचे किती झाले असतील संध्याकाळी? २६? २८? मला कधीच कळणार नाही. ती मुलगी मला नंतर लिफ्टपाशी भेटली आणि मलाच म्हणाली, तुम्ही खूप केलंत सिस्टर. ते वाक्य आजही माझ्या अंगावर येतं.

म्हणून ही मुलं पोस्टिंगला आली की मी पहिल्या दिवशी त्यांना इंजेक्शन शिकवत नाही, श्वास मोजायला लावते. पूर्ण मिनिट. पेशंटला न सांगता, नाडी धरल्यासारखा हात ठेवून, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. आणि नातेवाईक 'नेहमीसारखे नाहीत' म्हणाले की ते पण एक निरीक्षण आहे, माझ्या चार मिनिटांच्या ओळखीपेक्षा घरच्यांची चाळीस वर्षांची ओळख मोठी आहे, ते लिहायचं आणि वर कळवायचं.

आम्ही लॅम्प लायटिंगला जी शपथ घेतो ना, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची आहे पण तिने लिहिलेली नाही, १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलसाठी समितीने तयार केली. मूळ शपथेत दोन गोष्टी आहेत, एक, मी जाणूनबुजून कुठलंही घातक औषध देणार नाही, आणि दुसरी, मी डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साथ देईन. अठराव्या वर्षी हातात मेणबत्ती धरून दोन्ही एका दमात म्हटल्या होत्या, त्यांच्यात काही भांडण आहे असं वाटलं नव्हतं. त्या रात्री दोन वाजता मला दोन्ही वाक्यं एकाच वेळी आठवली असं नाही म्हणणार मी, पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं की मॅडमना उठवणं हीच त्यांना दिलेली साथ होती. त्या सकाळी स्वतः म्हणाल्या, तुम्ही दिलं असतं तर मी आयुष्यभर झोपले नसते.

यात एक सीमा मात्र आहे आणि ती मी मुलांना परत परत सांगते. मी थांबवू शकते, मी विचारू शकते, मी नाही म्हणू शकते, पण मी माझ्या मनाने बदलू शकत नाही. ५ ग्रॅमचे अडीच ग्रॅम करून दिले आणि गप्प बसले, तर ते शहाणपण नाही, ती लपवाछपवी आहे. फोनवरची ऑर्डर घेतली तर लगेच लिहायची, परत वाचून दाखवायची आणि डॉक्टर आले की सही घ्यायची. काही ठिकाणी मात्र आपल्याला न थांबता करायची मुभा आहे आणि ती पण माहीत असली पाहिजे, उपकेंद्रातली एएनएमताईसुद्धा झटके आलेल्या बाईला मॅग्सल्फचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यात ५-५ ग्रॅम, देऊन मग पुढे पाठवू शकते, केंद्र सरकारच्या २०१० च्या गाइडलाइनमध्ये आहे ते. तिथे डॉक्टरची वाट बघत थांबणं ही चूक. म्हणजे कधी देणं चूक, कधी न देणं चूक, आणि हे ओळखायला बारा तासांच्या ड्युटीत कुणी शेजारी उभं नसतं.

आणि रोजचं तर वेगळंच. साडेसातचं इन्सुलिन. चार्टवर वेळ लिहिलेली असते, पण आजीचा डबा येतो गावाहून पहिल्या एसटीने, दहाला. दवाखान्याचा नाश्ता त्या खात नाहीत, उपास असतो नाहीतर चव नसते. वेळेवर इन्सुलिन दिलं तर नऊला आजी घामाने भिजलेल्या सापडतात. म्हणून मी सिरिंज उचलण्याआधी विचारते, आजी काय खाल्लं? डबा आला का? हे कुठल्याही ऑर्डरमध्ये नसतं. तसंच दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ बघणं, हे कुठला डॉक्टर लिहून देतो? मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग आठवतात इथे मला, हल्ला झाला त्या १९७३ च्या नोव्हेंबरपासून १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, आणि तिथल्या सिस्टर्सच्या पिढ्यांनी त्यांना बेडसोर होऊ दिले नाहीत, सुप्रीम कोर्टाने त्यांच्या प्रकरणावर २०११ मध्ये निकाल दिला तेव्हा हे सगळ्या देशाने वाचलं. कोण निवृत्त झाल्या, कोण नव्या आल्या, आणि तरी दर ड्युटीला कुणीतरी त्यांची पाठ बघितली. मी नुसता विचार केला तरी मला भरून येतं.

आता याची दुसरी बाजू न लिहिता थांबले तर अन्याय होईल. नर्सने सगळं मोजावं, विचारावं, थांबावं, पण किती पेशंटचं? इंडियन नर्सिंग कौन्सिलचे नियम म्हणतात जनरल वॉर्डला टीचिंग हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ नर्स, इतर ठिकाणी ५ मागे १. माझ्या नाईटला मी आयुष्यात कधी पाच पेशंट बघितले नाहीत, तीस असतात, चाळीस असतात. त्या मुलीशेजारी मी अडीच तास स्टुलावर बसले तेव्हा बाकीच्या अकरा बायका मावशीच्या भरवशावर होत्या, त्यातल्या एखादीला रक्तस्राव सुरू झाला असता तर? त्याची जबाबदारी कुणाची होती? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या युनिटला आग लागली, १० बाळं गेली, ७ वाचली, आणि पुढे गुन्हा दाखल झाला तो ड्युटीवरच्या दोन नर्सेसवर. त्या रात्री तिथे काय झालं यावर मी बोलणार नाही, ती बाळं गेली त्या आईबापांसमोर मला बोलायचा हक्क नाही. पण राज्यातल्या प्रत्येक नर्सने ती बातमी वाचली आणि त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात कुणी नीट जेवलं नाही. वायरिंग नर्सच्या हातात नाही, फायर ऑडिट नर्सच्या हातात नाही, किती जणी ड्युटीला असाव्यात ते नर्सच्या हातात नाही, मग जबाबदारीचा कागद मात्र सगळ्यात आधी तिच्याकडे का येतो?

तरीही मी माणसं कमी आहेत हे श्वासाच्या रकान्यात २० लिहिण्याचं कारण होऊ देत नाही. माणसं कमी आहेत हे वर लिहून द्यायचं, दर महिन्याला, तारखेसकट, आणि मी देते, माझ्याकडे त्याची फाइल आहे. आणि ज्या दिवशी चाळीस जणांचं मोजणं खरंच शक्य नसेल त्या दिवशी ज्यांना गरज आहे त्या दहांचं खरं मोजायचं आणि बाकीच्यांचा रकाना मोकळा सोडायचा. मोकळा रकाना बघून इन्चार्ज ओरडेल, ओरडू दे. मोकळा रकाना बघून निदान कुणीतरी जाऊन मोजेल.

कालच्या ड्युटीला ती मुलगी परत भेटली. मी तिला ही मॅग्सल्फची गोष्ट सांगितली, काकांची पण सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मॅडम आमच्या चार्टवर पण २०च असतं. मी म्हटलं माहितीय.

मग आम्ही ओव्हर (ड्युटीचा ताबा) घ्यायला लेबर रूममध्ये गेलो. त्या रात्रीनंतर मी तिथे सहा महिने इंडेंट (मागणीपत्र) टाकून हॅमर मागवला होता, इथे बदलीवर आले तेव्हा पण पहिलं तेच केलं. एक्लॅम्पसियाच्या ट्रेमध्ये मॅग्सल्फच्या चौदा अँप्युल लोडिंगच्या, पाच पुढच्या डोसच्या, कॅल्शियम ग्लुकोनेट, आणि शेजारी हॅमर. ओव्हर घेताना सगळं मोजून सही करायची. तिने मोजलं, मॅग्सल्फ एकोणीस, कॅल्शियम ग्लुकोनेट दोन, आणि हॅमर सापडेना. ऑर्थोचे डॉक्टर घेऊन गेले होते. ती स्वतः जाऊन घेऊन आली.